लग्नाच्या ऑर्डरी स्वतंत्रपणे घ्यायच्या तर नेमकं काय काय शिकावं?

मिरजेची_ऋतु

नमस्कार मंडळी. सध्या एका स्टुडिओबरोबर असिस्टंट म्हणून लग्नांना जाते. स्टँड हलवणं, पाहुण्यांचे फोटो, अधूनमधून दुसरा कॅमेरा. तुळशीचं लग्न झालं की नवा सीझन सुरू होतो, तेव्हापासून साखरपुडा, बारसं, छोटी लग्नं स्वतःच्या नावावर घ्यायचा विचार आहे.

सामान: २४ मेगापिक्सेलची क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरची बॉडी (कार्डाचा एकच स्लॉट), १८-५५ किट लेन्स, ५० मिमी एफ १.८ आणि एक टीटीएल (ताकद आपोआप ठरवणारा) फ्लॅश. एक्स्पोजरचं त्रिकूट (शटर, एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आयएसओ) कळतं, मॅन्युअलवर हात बसलाय.

अडतंय ते असं. कार्यालयात चेहरे पिवळट येतात आणि डोळ्यांखाली सावली पडते, लाईटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) कितीही ओढाताण केली तरी सुधारत नाही. नेमक्या क्षणी मी चुकीच्या बाजूला उभी असते. आणि तिसरं, एखादा कोर्स करावा का? यंदा एकच मोठी वस्तू घेता येईल, ती कोणती, हेही सांगा.

उजेडवाला

पिवळ्या चेहऱ्यांपासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

फ्लॅशचं डोकं वर करून छतावर मारताय, असं गृहीत धरतो. ही युक्ती छत पांढरं आणि साधारण दहा-बारा फुटांवर असेल तरच चालते. कार्यालयात छत वीस-पंचवीस फुटांवर, मधे पिवळं-केशरी कापड ताणलेलं, किंवा लॉनवर छतच नाही. उंच छतावरून प्रकाश सरळ खाली पडतो, म्हणून डोळ्यांच्या खोबणीत अंधार. कापडावरून येतो तो कापडाचा रंग घेऊन येतो, म्हणून पिवळे गाल. हा पिवळेपणा व्हाइट बॅलन्सने (फोटोची रंगछटा सावरणारं सेटिंग) जात नाही: कपाळावर फ्लॅशचा पिवळा, हनुवटीखाली ट्यूबलाइटचा हिरवट, मागे एलईडीचा गुलाबी. एक स्लायडर तिघांना एकदम कसा सावरणार?

खात्री करून घ्यायची तर: १/२००, एफ ५.६, आयएसओ २०० वर फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम काढा. ती जवळपास काळी आली पाहिजे. आता त्याच सेटिंगवर एक फ्रेम थेट फ्लॅशने, एक कापडावर बाउन्स करून, म्हणजे आपटवून. थेट स्वच्छ आणि बाउन्स पिवळी आली तर दोष कापडाचा. दोन्ही स्वच्छ असतील तर दोष हॉलच्या दिव्यांचा, म्हणजे फ्लॅशवर जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावायची वेळ. पूर्ण सीटीओ (केशरी) जेलने फ्लॅशचा प्रकाश साधारण ३२०० केल्विनपर्यंत उतरतो, अर्ध्या जेलने ३८००च्या आसपास. मग कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही तिथेच आणून ठेवा. ऑटोवर ठेवलात तर झेंडूच्या माळा फ्रेममध्ये आल्या-गेल्या की प्रत्येक फोटोचा रंग वेगळा आणि एडिटिंगला दुप्पट वेळ.

उपाय मात्र एकच, फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन स्टँड, उंची आठ-नऊ फूट, डोकी जोडप्याकडे पण थोडी एकमेकांना ओलांडतील अशी. दोन्ही मॅन्युअलवर, १/८ ताकदीपासून सुरुवात. कॅमेरा १/१६०, एफ ४, आयएसओ ८०० ते १६००. हॉलचा उजेड चेहऱ्यापेक्षा दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली राहील असं आयएसओ आणि शटरने जमवा, म्हणजे मागची सजावट दिसते आणि त्वचेवर राज्य फ्लॅशचं राहतं. टीटीएल चालत्या वरातीत ठीक आहे. मांडवात पांढरा फेटा किंवा शालूची जर समोर आली की ते घाबरून फ्लॅश कमी करतं आणि नवरी काळवंडते.

स्टँडला वजन हवंच, दोन-तीन किलो वाळूची पिशवी. शक्य असेल तर मांडवाच्या खांबाला बांधूनच टाका. पोरं पळतात.

ग्रुप फोटोत मागची रांग काळी येते, त्याचं गणित एकदा करून पाहा. लाईट पुढच्या रांगेपासून ६ फुटांवर आणि मागची रांग ९ फुटांवर असेल तर पुढच्यांना सव्वादोनपट जास्त उजेड मिळतो. तोच लाईट मागे नेऊन १२ आणि १५ फूट केलात की फरक दीडपटीवर येतो. अंतर दुप्पट म्हणजे दोन स्टॉपचं नुकसान, ते फ्लॅशची ताकद किंवा आयएसओ वाढवून भरून काढायचं. एफ ५.६, आणि तुमच्या लेन्सवर २४ ते ३५ मिमीच्या दरम्यान. १८ वर कडेच्या मावश्या उगाच जाड दिसतात आणि अल्बम पाहताना बरोब्बर त्याच बोलतात.

आणखी एक, एलईडीमुळे फोटोत येणारे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० वर पट्टे येत नाहीत, १/५०० वर येतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (ही लुकलुक टाळायची सोय) असेल तर सुरू ठेवा. एलईडी वॉलची लुकलुक याहून फार वेगळी असते, तिथे त्याचा उपयोग होत नाही. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर मांडवात वापरूच नका.

अंतरपाट

वरच्या दादांनी उजेडाचं सांगितलं. चुकीच्या बाजूला उभं राहण्याचा इलाज कॅमेऱ्यात नाही, गुरुजींकडे आहे. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी त्यांना चार गोष्टी विचारा: अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, कन्यादान अक्षतांच्या आधी की नंतर, होम कुठे मांडणार, आणि सप्तपदी होमाभोवती की तांदळाच्या राशींवर. घराघराप्रमाणे क्रम बदलतो, पाठ केलेल्या यादीवर विसंबू नका.

मंगलाष्टकं किती होतील ते कोणीच सांगू शकत नाही. आत्या, काकू, मामी सगळ्यांची कडवी असतात. पण शेवट बहुतेक ठिकाणी ठरलेला: "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू झालं की अंतरपाट निघायला काही सेकंदच उरले. तोवर तुम्ही जागेवर, फोकस घेतलेला, फ्लॅश चार्ज झालेला हवा. एकटं असाल तर नवरदेवाच्या मागच्या खांद्याच्या रेषेत थोडं बाजूला उभं राहा, नवरीचा चेहरा समोर ठेवून. त्या क्षणी पाहायचा चेहरा बहुतेक तिचाच असतो. दोघं असतील तर दुसरा समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे एकमेकांच्या फ्रेममध्ये येणार नाही. नवरीमागे मामा आणि करवली असतात, त्यांना आधीच हसून सांगून ठेवा की अंतरपाट निघताना पुढे झुकू नका. पाहुणे मोबाईल उंच करून मधे येतात, म्हणून स्टेजवर उभं राहूनच काढा, खालून नाही.

अक्षतांचा त्रास वेगळा. कॅमेऱ्याजवळून उडणाऱ्या दाण्यांवर ऑटोफोकस उडी मारतो आणि जोडपं धूसर होतं. बॅक बटण फोकस (मागच्या बटणाने फोकस घेणं) लावून घ्या, डोळ्यावर फोकस घेऊन अंगठा काढा, मग फक्त शटर. ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करण्याची सोय असेल तर ती 'लॉक्ड ऑन'कडे न्या. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल तर जवळचे दाणे पांढरे गोळे होऊन येतात, बाजूच्या स्टँडवरून मारला तर तेच दाणे चमकतात. घरी सराव करा: कोणालातरी खिडकीपुढे उभं करून मूठ मूठ तांदूळ उडवायला लावा, १/६०, १/१२५, १/२५० वर बघा. फ्लॅश नसताना १/२५० वरही दाण्यांच्या रेघा येतात. त्या हव्यात की नकोत, हे तुम्ही ठरवा. (तांदूळ नंतर झाडून घ्या, आईचा विरोध सुरू झाला की सराव संपतो.)

लाजाहोमात धूर. समोरून फ्लॅश मारलात की पांढरी भिंत. लाईट होमाच्या मागे एका बाजूला न्या, धूर सुंदर दिसतो आणि चेहरेही सुटतात. कन्यादानात हातांवर पाणी पडत असताना हातांकडे न पाहता मुलीच्या वडिलांकडे पाहा, ५० मिमी तिथे वापरा. कानपिळी चार-पाच सेकंदांत आटोपते, तेव्हा नवरीचा भाऊ जागेवरून उठला की तुम्हीही उठा. घरी पोहोचल्यावर माप ओलांडताना उंबऱ्याच्या आतून, गुडघ्यावर बसून. व्हिडिओवाल्याशी आधी बोला, तो त्याच दारात ठाण मांडून असतो.

गोरज मुहूर्त लॉनवर असेल तर सूर्य मावळल्यानंतर दर काही मिनिटांनी एक स्टॉप उजेड जातो. विधीच्या सुरुवातीचं एक्स्पोजर शेवटाला लागू नाही. हळदीला उलट त्रास: ऊन, पांढरे कपडे, आणि पिवळ्या रंगात लाल-हिरवे चॅनेल भरून जातात, मग हळदीचा पोत दिसत नाही, सपाट पिवळा डाग दिसतो. अर्धा स्टॉप कमी घ्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रंगवार बघा. एडिट करताना पिवळ्याचं सॅच्युरेशन सगळ्या फोटोवर उतरवू नका, त्वचा राखेसारखी होते. फक्त पार्श्वभूमीवर मास्क.

सगळी लग्नं एका साच्याची नसतात. बौद्ध पद्धतीत अंतरपाट नाही. वंदना, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा आणि पुष्पहार, वधूवर बहुधा पांढऱ्या कपड्यांत. तिथे कॅमेरा पांढऱ्याला करडा करतो, त्यामुळे मीटरवर काढत असाल तर पाऊण ते एक स्टॉप वर घ्या. वसईचं चर्चमधलं लग्न असेल तर फ्लॅश चालतो का आणि वेदीच्या किती जवळ जायचं, हे आदल्या दिवशी विचारा.

पाटी_पेन्सिल

कोर्सबद्दल थोडक्यात. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत पदवीला फोटोग्राफी हा विशेष विषय घेता येतो, अहमदाबादच्या एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्था) फोटोग्राफीतला पदव्युत्तर अभ्यासक्रम गांधीनगरला आहे. जाहिरात, प्रॉडक्ट, फॅशन किंवा संपादकीय कामात जायचं असेल तर त्याचा खरा उपयोग. लग्नाच्या ऑर्डरीसाठी कोणी प्रमाणपत्र मागत नाही.

दोन दिवसांच्या 'वेडिंग वर्कशॉप'चे पैसे देण्याआधी विचारा: मॉडेल आणि लाईट त्यांनीच लावून ठेवलेत का? तसं असेल तर पोर्टफोलिओसाठी फोटो मिळतात, शिकायला फार कमी मिळतं. प्रत्येकाला स्वतः लाईट लावायला आणि चुकायला देणारं असेल तर जा. सध्याची असिस्टंटगिरी सोडू नका, फक्त दर लग्नात एक गोष्ट ठरवून बघा. एका लग्नात मुख्य फोटोग्राफरचे स्टँड कुठे आहेत एवढंच, पुढच्यात तो कोणत्या विधीला कुठे सरकतो एवढंच.

आणि 'कँडिड'च्या (नकळत टिपलेल्या फोटोंच्या) नादात 'ट्रॅडिशनल'ला (उभं करून काढलेल्या फोटोंना) नाक मुरडू नका. घरच्यांना स्टेजवरचा प्रत्येक पाहुणा अल्बममध्ये हवा असतो, शिल्लक पैसे तेच देतात.

डबल_बॅकअप

फोटो चांगले येणं निम्मं काम. उरलेलं निम्मं फाइल्सचं, आणि स्वतंत्र काम करणाऱ्यांचं नाव बहुतेक वेळा तिथेच जातं.

एका स्लॉटचा कॅमेरा घेऊन लग्नाची मुख्य ऑर्डर घेऊ नका. साखरपुडा, बारसं ठीक. लग्नाला दोन स्लॉटची बॉडी भाड्याने आणा, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायला लावा. एका स्लॉटवरच भागवायचं झालं तर ३२ जीबीची चार-पाच कार्डं ठेवा आणि प्रत्येक मोठ्या विधीनंतर बदला. २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्याची मूळ) फाइल साधारण २५-३० एमबीची, म्हणजे कार्डावर हजारेक फोटो. कार्ड गेलं तरी अख्खं लग्न जात नाही. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नाही. कार्यक्रमात बसून फोटो डिलीट करू नका, घाईत चुकीचा जातो.

दोन कॅमेरे असतील तर सकाळी दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. एकात सात मिनिटांचा फरक असला की सप्तपदी मंगलाष्टकांच्या मधे येऊन बसते. झालंच तर लाईटरूममध्ये त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून वेळ एकदम सरकवता येते.

रात्री कितीही वाजले तरी दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी, मग फोटोंची संख्या ताडून पाहा, प्रत्येक कार्डातले पाच-सहा फोटो उघडून बघा. तिसरी प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर. एक ड्राइव्ह आणि लॅपटॉप एकाच बॅगेत असतील तर त्या दोन प्रती नव्हेत, बॅग गेली की दोन्ही गेल्या. अल्बम हातात पडून पसंत होईपर्यंत कार्डं रिकामी करू नका. लाईटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, त्यात फक्त केलेले बदल असतात. "लाईटरूममध्ये आहेत" म्हणून मूळ फोल्डर उडवणारे दर सीझनला भेटतात.

अल्बमचा मापदंड आपल्याकडे १२ बाय ३६ इंची उघडं पान. ३०० डीपीआयला १०८०० बाय ३६०० पिक्सेल. मधल्या घडीवर चेहरा नको, चारी बाजूंनी अर्धा इंच कापण्यासाठी सोडा. छपाई काळी येते, तेव्हा दोष बहुधा लॅबचा नसतो. स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलेलं असतं. कॅलिब्रेटरने (स्क्रीनचा रंग मोजणारं यंत्र) स्क्रीनचा उजळपणा १०० ते १२० कँडेला आणि पांढऱ्याची छटा डी ६५ वर आणा, फाइल एसआरजीबी रंगसंचात द्या आणि पूर्ण अल्बमआधी एक पान छापून मागवा.

कलम_१७

कागदपत्रं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचून ठेवा: मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नाही. इंस्टाग्रामवर टाकायचे असतील तर ऑर्डर घेतानाच एका ओळीची लेखी परवानगी घ्या. असिस्टंट म्हणून काढलेले फोटो तुमचे नाहीत, पोर्टफोलिओत वापरायला स्टुडिओला विचारा, मेसेजवर होकार घेऊन ठेवा.

करार एका पानाचा पुरे, पण त्यात तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जादा तासाचा दर, एडिट केलेले किती फोटो, अल्बमची किती पानं, किती दिवसांत, रॉ फाइल देणार की नाही, आणि लग्न पुढे ढकललं तर अ‍ॅडव्हान्सचं काय, एवढं हवं. उरलेल्यापैकी मोठा हप्ता लग्नाच्या दिवशी घ्या. सगळी रक्कम अल्बमवर ठेवलीत तर "फोटो निवडतोय" म्हणत वर्ष जातं. तुमचा अल्बमही अडकतो, पैसेही.

कामगार मोजकेच असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने अधिनियमाखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. ड्रोन कोणी मागितला तर: २५० ग्रॅमच्या वरचं ड्रोन व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक लागतो. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा.

मिरजेची_ऋतु

सगळ्यांचे आभार. कापडाची चाचणी आज कार्यालय रिकामं होतं तेव्हा केली. थेट फ्लॅश स्वच्छ, बाउन्स पिवळा. म्हणजे कापडच. आता एकच वस्तू: ७०-२०० झूम लेन्स की दुसरा फ्लॅश?

उजेडवाला

दुसरा फ्लॅश, बिनतारी ट्रिगर आणि दोन स्टँड. सगळं मिळून चांगल्या ७०-२०० पेक्षा बरंच स्वस्त. फ्लॅश लिथियम बॅटरीचा घ्या. चार पेन्सिल सेलवाला पूर्ण ताकदीनंतर तयार व्हायला वेळ घेतो आणि स्टेजवर रांग थांबत नाही. आणि आहे त्या फ्लॅशच्याच कंपनीचा, त्याच ट्रिगरवर चालणारा. सलग पूर्ण ताकदीवर मारत राहिलात तर फ्लॅश तापून स्वतःच थांबतो, म्हणून १/४ ताकदीच्या वर न जाता आयएसओ वाढवा.

डबल_बॅकअप

माझं मत वेगळं. आधी दोन स्लॉटची बॉडी, फ्लॅश भाड्याने मिळतो.

उजेडवाला

बॉडीही मिळते की. आणि भाड्याच्या बॉडीची बटणं अर्ध्या तासात कळतात. दोन लाईट लावायला शिकायचं तर ते रोज घरात हवेत.

कुडाळकर

काही घ्या, पण पावसाळ्याआधी एक हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक घ्या. आत ४० ते ५० टक्के आर्द्रता राहिली पाहिजे. ६०-६५च्या वर बरेच दिवस राहिली की लेन्सच्या आत बुरशीचे धागे धरतात आणि ते बाहेरून पुसून जात नाहीत. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कोरडी करून पुन्हा वापरा. लेन्स कापडी किंवा चामडी पाकिटात ठेवू नका, ओल तिथेच धरते. एसी हॉलमधून लॉनवर जाताना काचेवर बाष्प येतं, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं आधी कॅमेरा बंद बॅगेतच बाहेर नेऊन ठेवा. वरातीला आयत्या वेळी पुसत बसलात तर वरात पुढे निघून गेलेली असते.